नकारानंतरचं अपील, आणि ऑगस्टऐवजी जानेवारीत कॉलेज

महाराष्ट्र बोर्डाच्या निकालानंतर दोन वेगळे अर्ज करता येतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकनात उत्तरपत्रिका नव्याने तपासतात. अमेरिकेतल्या कॉलेजने मुलाला नकार दिला की मराठी आईबापांच्या मनात जे अपील येतं ते दुसऱ्या जातीचं असतं: आमच्या पोराकडे नीट बघितलंच नाही, पुन्हा बघा. कॉलेजच्या लेखी मात्र अपील पहिल्या जातीच्या जवळचं. फाइलमध्ये काय यायचं राहिलं होतं ते दाखवा. काहीच राहिलं नसेल, तर उत्तरही तेच राहणार.

एवढी गोष्ट डोक्यात शिरायला आम्हाला दहा दिवस लागले, आणि मुदत होती जेमतेम दोन आठवड्यांची. आमच्या मोठ्याला हव्या त्या कॅम्पसने मार्चअखेर नकार दिला, एप्रिलमध्ये त्याने अपील केलं, मेच्या शेवटी होकार आला, पण ऑगस्टचा नव्हे, जानेवारीचा. त्या वर्षात जे शिकलो ते पुढच्या घरांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. मला सगळ्यात जवळून माहीत आहे ती कॅलिफोर्निया, म्हणून उदाहरणं मुख्यतः युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, म्हणजे आपण सगळे जिला यूसी म्हणतो तिची.

आधी बघा, अपील चालतं तरी का

सगळीकडे चालत नाही. स्टॅनफर्डसारख्या बऱ्याच खासगी विद्यापीठांत निर्णय अंतिम असतो आणि तसं ते स्वच्छ लिहितात. तिथे पत्र पाठवलंत तर एखादा नम्र नकार परत येईल, बाकी काही नाही. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी अपिलाची सोय असते. यूसीच्या नऊ पदवी कॅम्पसची प्रक्रिया वेगवेगळी आहे. अर्ज एकच भरलेला असला तरी अपील ज्या त्या कॅम्पसकडे स्वतंत्र करायचं. कॅल स्टेटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, कॅम्पसचंही तसंच. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसमध्येही अपील करता येतं.

नियम शोधायची जागा म्हणजे मुलाचं पोर्टल, जिथे नकार दिसला तीच. नकाराचं पत्र वाचून आपण लॅपटॉप मिटतो. तो पुन्हा उघडायचा आणि खालपर्यंत वाचायचं. मुदत साधारण एप्रिलच्या मध्यावर असते. शब्दमर्यादा असते, कागद जोडता येतात की नाही तेही तिथेच लिहिलेलं असतं. संधी एकदाच मिळते.

प्रतीक्षायादीवर नाव असेल तर प्रकार वेगळा. तो नकार नाही, त्यामुळे तिथे सहसा अपील लागू होत नाही. यादीत राहायचं आहे असं पोर्टलवर मुदतीत कळवायचं आणि थांबायचं. आमच्या ओळखीतल्या एका घरी प्रतीक्षायादीचं बटण दाबायचंच राहून गेलं, कारण आईला वाटलं बाबांनी बघितलं आणि बाबांना वाटलं पोरीने.

आणखी एक. अपील मुलाने करायचं, आईबापांनी नाही. फोनसुद्धा त्यानेच करायचा. मी पहिल्याच दिवशी फोन लावला तेव्हा पलीकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की अर्जदाराशिवाय कोणाशीही त्या याबद्दल बोलणार नाहीत. आपल्याकडे बाप प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर बसून राहतो आणि कधीकधी त्याने काम होतं. इथे होत नाही. 'आपल्या ओळखीतला एक जण तिथे प्रोफेसर आहे' याचाही उपयोग नाही. पदवीचे प्रवेश प्राध्यापकांच्या हातात नसतात.

'नवीन' म्हणजे नेमकं काय

अपिलाच्या सूचनांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: नवीन माहिती. आमचं पहिलं आठवडाभर याच शब्दाशी भांडण चाललं होतं.

जे नवीन नाही ते आधी सांगते. बारावीच्या पहिल्या सत्रात चांगले ग्रेड आले, हे नवीन नाही. ते यावेत अशी अपेक्षाच असते. दोन नवे क्लब, मंडळाच्या गणेशोत्सवातलं स्वयंसेवकपण, एखाद्या स्पर्धेतला तिसरा नंबर, याने पारडं फिरत नाही. 'शेजारच्या मुलाचे ग्रेड माझ्याहून कमी, तरी त्याला मिळालं' हे तर लिहूच नका. आणि विषय बदलून मागू नका. कॉम्प्युटर सायन्सला नकार आला म्हणून अपिलात 'मग गणित द्या' म्हणणं म्हणजे वेगळा अर्ज झाला, तो तिथे घेत नाहीत.

नवीन काय ठरू शकतं? ट्रान्सक्रिप्टमधली, म्हणजे शाळेच्या अधिकृत ग्रेडपत्रकातली, चूक. राहून गेलेला विषय. नंतर बदललेला ग्रेड. आजारपण, घरातलं मोठं संकट, जागा सोडावी लागणं, ज्याचा अर्जात उल्लेखच नव्हता असं काहीतरी, ज्याचा परिणाम ग्रेडवर दिसतो.

इथे यूसीच्या अर्जाची एक खासियत लक्षात घ्या. त्यात ग्रेड विद्यार्थी स्वतः टाइप करतो. शाळेचा अधिकृत ट्रान्सक्रिप्ट प्रवेश मिळाल्यावरच मागतात. म्हणजे नोव्हेंबरमध्ये सतरा वर्षांच्या पोराने रात्री बाराला जे टाइप केलं, तेच कॅम्पसने वाचलं. तेव्हा नकार आला की पहिलं काम हे: पाठवलेल्या अर्जाची पीडीएफ आणि शाळेचा ताजा ट्रान्सक्रिप्ट शेजारी शेजारी ठेवायचे आणि एकेक ओळ बोट ठेवून ताडून बघायची. किराण्याची यादी आणि बिल ताडतो तसं. कम्युनिटी कॉलेजात उन्हाळ्यात केलेला कोर्स आला आहे ना? ऑनर्सचा विषय साधा म्हणून तर पडला नाही? दहावीचं दुसरं सत्र जागेवर आहे ना?

आमच्या घरी ताडून बघताना जे सापडलं त्याने आम्ही दोघं गप्प झालो. अकरावीच्या दुसऱ्या सत्रात माझ्या सासऱ्यांना पुण्यात अर्धांगवायूचा झटका आला. नवरा प्रोजेक्टमुळे अडकलेला, म्हणून मी आणि मुलगा गेलो, आणि परतायला सात आठवडे लागले. त्या सत्रात त्याचे दोन ग्रेड घसरले आणि केमिस्ट्रीत 'अपूर्ण' असा शेरा पडला. बाईंनी उन्हाळ्यात राहिलेले प्रयोग करून घेऊन तो बदलून 'ए' दिला. पण अर्ज भरताना मुलाने जुनाच कागद समोर ठेवला होता. आणि सात आठवड्यांबद्दल? एक अक्षर नाही. यूसीच्या अर्जात असल्या गोष्टींसाठी ५५० शब्दांची वेगळी चौकट असते. ती त्याने कोरी सोडली होती.

का, विचारलं. तर म्हणाला, "तूच म्हणालीस ना, घरातलं रडगाणं लोकांना कशाला सांगायचं."

मी म्हणाले होते. आपण सगळेच म्हणतो. झाकली मूठ ठेवायची आपली सवय, ती इथे आड येते. अर्ज वाचणाऱ्याला आपल्या दुःखाशी देणंघेणं नसतं, पण उतरलेल्या आलेखाचं कारण त्याला हवं असतं, आणि कारण दिलं नाही तर तो सगळ्यात सोपं कारण धरतो: पोराने अभ्यास केला नाही. तुमच्या घरात कोणाची नोकरी गेली असेल, कोणाला नैराश्य आलं असेल, आजी घरी येऊन तिची सगळी शुश्रूषा मुलीने केली असेल, तर ती माहिती आहे. ती लिहा. मुलाची परवानगी मात्र आधी घ्या, गोष्ट त्याची आहे.

आणि असं काही खरोखर नसेल तर? तर अपील करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक अपिलं नामंजूर होतात. मुलाला एप्रिलमध्ये पुन्हा एकदा आशेला लावायचं आणि मेमध्ये दुसरा नकार वाचायला लावायचा, हे त्याच्या बाजूने बघा. ओढूनताणून काढलेलं कारण वाचणाऱ्याला लगेच कळतं.

पत्र कसं लिहायचं

आमचा पहिला खर्डा नवऱ्याने लिहिला होता. त्यात 'लहानपणापासूनचं स्वप्न' होतं, कॅम्पसच्या रँकिंगचा उल्लेख होता, आणि शेवटी 'कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' याचं इंग्रजी होतं. महापालिकेला पाणीपट्टीबद्दल लिहावं तसं. मुलाने वाचलं आणि म्हणाला, "बाबा, ह्यात मी कुठे आहे?"

शेवटी गेलेलं पत्र पाऊण पान होतं. त्याची चाल अशी होती. पहिल्या परिच्छेदात दोन वाक्यं: मी अमुक विषयासाठी अर्ज केला होता, आणि दोन गोष्टी त्यात नव्हत्या म्हणून हे लिहितो आहे. दुसऱ्यात तारखा: कोणत्या महिन्यात गेलो, कधी परतलो, तिथे रोज काय करत होतो, कोणते दोन ग्रेड उतरले. विशेषणं नाहीत. 'आजोबांना भरवणं आणि रात्रीची पाळी माझ्याकडे होती, शाळेचा अभ्यास पहाटे ऑनलाइन करायचो' एवढंच. तिसऱ्यात केमिस्ट्रीचा बदललेला ग्रेड, कोणत्या तारखेला बदलला, आणि सोबत शाळेने दिलेला सुधारित ट्रान्सक्रिप्ट. चौथ्यात आधी का सांगितलं नाही याचं एक प्रामाणिक वाक्य, आणि बारावीचे ग्रेड. कॅम्पसचं कौतुक कुठेच नव्हतं.

तारखा आणि कागद यांना जपा. शाळेच्या काउन्सेलरला नकाराच्या दुसऱ्याच दिवशी मेल करा, कारण एप्रिलमध्ये बऱ्याच शाळांना एक आठवड्याची सुट्टी असते आणि ती नेमकी तुमच्या मुदतीच्या आधी येते. ट्रान्सक्रिप्टमध्ये दुरुस्ती हवी असेल तर ती रजिस्ट्रारकडून होते, शिक्षकांकडून नाही. आजारपणाचे कागद जोडायची सोय असेल तर डॉक्टरांचं एक पत्र पुरे. मराठीतला डिस्चार्ज कागद असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर द्या. शिफारसपत्रं मागितली नसतील तर पाठवू नका. 'जास्तीचं असलेलं बरं' हा आपला लग्नाच्या जेवणाचा हिशेब इथे उपयोगाचा नाही.

एजंट, सल्लागार, पैसे घेऊन अपील लिहून देणारे भेटतील. पाऊण पानासाठी ते किती मागतात हे ऐकून मी हसले होते. व्याकरण तपासायला शाळेतल्या इंग्रजीच्या बाई पुष्कळ.

१ मे, तुमचं अपील कुठेही असो

अपिलाचं उत्तर यायला कित्येक आठवडे लागतात, आणि मधेच १ मे येतो. या तारखेपर्यंत कुठल्या तरी एका कॉलेजला हो म्हणून अनामत भरायची असते. अपील चालू आहे म्हणून हे थांबत नाही. जिथे प्रवेश मिळाला आहे त्यातलं सगळ्यात पटणारं कॉलेज निवडा, पैसे भरा, हॉस्टेलचा फॉर्म भरा, आणि तिथेच जाणार आहोत असं समजून वागा. पुढे अपील मंजूर झालं तर ही अनामत बुडेल, सहसा ती परत मिळत नाही. एकाच वेळी दोन कॉलेजांना पक्का होकार देऊन ठेवायचा नाही. अपील प्रलंबित असताना एकीकडे होकार देणं मात्र पूर्ण रीतसर आहे.

कुठेच प्रवेश मिळाला नसेल तर, यूसीसाठी कॅलिफोर्नियातल्या वरच्या ९ टक्क्यांत असलेल्या रहिवासी विद्यार्थ्याला जागा असेल त्या कॅम्पसचा प्रस्ताव येतो, बहुतेकदा मर्सेडचा. आपल्या मंडळींमध्ये मर्सेड म्हटलं की नाक मुरडतात. न बघता मुरडू नका.

उत्तर येतं: हो, पण जानेवारीत

पोर्टलवर कॉन्फेटी उडाली, मुलगा ओरडला, आणि दुसरी ओळ मी वाचली: प्रवेश पुढच्या सत्रापासून. हे असं का करतात?

वर्गातल्या जागा वर्षभर सारख्या नसतात. डिसेंबरमध्ये काही जण पदवी घेऊन बाहेर पडतात, काही परदेशी सत्रासाठी जातात, काही सोडून जातात. ऑगस्टमध्ये ओसंडून वाहणारं हॉस्टेल जानेवारीत थोडं रिकामं होतं. तिथे ही मुलं बसतात. बर्कलीत १९८३ मध्ये अशा मुलांसाठी पहिल्या सत्राचा वेगळा कार्यक्रम सुरू झाला, विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन विभागातर्फे. मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्कमध्ये वसंत सत्राला, म्हणजे जानेवारीच्या सत्राला, प्रवेश मिळालेली मुलं 'फ्रेशमेन कनेक्शन'मधून दुपारी आणि संध्याकाळी भरणाऱ्या वर्गांत बसतात. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजात तर फेब्रुवारीत येणाऱ्या मुलांची स्वतःची जात आहे, त्यांना 'फेब'च म्हणतात, आणि पदवी घेताना ती गाऊन-टोपी घालून बर्फाच्या उतारावरून स्की करत खाली येतात. कॉर्नेलचा प्रकार आणखी वेगळा: काही जणांना आत्ता नकार, पण एक वर्ष दुसरीकडे ठरलेल्या अटींवर शिकलात तर नंतर बदली नक्की. ऑस्टिनच्या कॅप कार्यक्रमात टेक्सास विद्यापीठाच्या दुसऱ्या एखाद्या कॅम्पसमध्ये वर्ष काढून ३० क्रेडिट (कोर्स मोजायचं माप) पूर्ण करून ३.२ जीपीए (ग्रेडची सरासरी) राखायचा असतो. नावावर जाऊ नका, आपल्या अकरावीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडशी त्याचा काही संबंध नाही.

जागांचा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो हे बर्कलीत २०२२ मध्ये दिसलं. शेजाऱ्यांच्या दाव्यावरून कोर्टाने विद्यार्थिसंख्या गोठवली, मार्चच्या सुरुवातीला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उठवायला नकार दिला, आणि १४ मार्चला राज्याने कायदाच बदलून तो पेच सोडवला. त्या काही दिवसांत हजाराहून जास्त मुलांना ऑनलाइन किंवा जानेवारीत घ्यायचा विचार चालला होता. तेव्हा जानेवारीचा प्रवेश म्हणजे मुलगा 'थोडा कमी' आहे असं मनात आणू नका. पदवीच्या कागदावर कोणत्या महिन्यात आत आलात हे लिहीत नाहीत.

उत्तर द्यायला थोडेच दिवस देतात. त्या दिवसांत आम्ही पुढचे प्रश्न कागदावर लिहिले आणि मुलाने मेलवर विचारले. ते जसेच्या तसे घ्या:

– मधल्या सत्रात दुसऱ्या कॉलेजात शिकता येईल का? किती क्रेडिटपर्यंत? कुठे शिकायचं यावर बंधन आहे का?
– माझ्या मेजरचे (मुख्य विषयाचे) पहिल्या वर्षाचे कोर्स जानेवारीत सुरू होतात का, की फक्त ऑगस्टमध्ये?
– हॉस्टेलची खोली हमखास आहे का?
– शिष्यवृत्ती आणि मदत एका सत्राची की वर्षाची?
– ऑगस्टच्या यादीत जागा झाली तर आधी घेता का?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. इंजिनिअरिंग आणि विज्ञानात कोर्स साखळीने येतात. कॅल्क्युलसचा पहिला भाग, मग दुसरा, त्यावर अवलंबून फिजिक्स, त्यावर पुढचं. जानेवारीत साखळीचा पहिला दुवा शिकवतच नसतील, तर मुलगा ऑगस्टपर्यंत इतर विषय करत बसतो आणि एक वर्ष मागे पडल्यासारखं होतं. इतिहास किंवा अर्थशास्त्राच्या मुलाला याचा तितका त्रास नाही. आमच्या मैत्रिणीच्या मुलीने याच कारणासाठी जानेवारीचा प्रवेश नाकारला आणि १ मेला पक्क्या केलेल्या कॅम्पसला गेली. तिचा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, आणि आमचाही.

मधले चार महिने

ऑगस्टमध्ये सगळे मित्र गाड्या भरभरून निघून जातात. तुमचं पोरगं घरीच. त्या दोन आठवड्यांचं काहीतरी आधी ठरवून ठेवा. आमचा लेक खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता, आणि मी दर अर्ध्या तासाने पोहे हवेत का विचारत होते.

सगळ्यात सरळ वाट कम्युनिटी कॉलेजची. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना तिथे सेमिस्टरच्या एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात. कुपरटिनोचं डी अँझा आणि शेजारचं फुटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची (सत्रं सेमिस्टरहून लहान), तिथे युनिटला ३१ डॉलर. डी अँझाचा शरद क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यावर संपतो, म्हणजे निकाल जानेवारीआधी हातात. सेमिस्टरवाली कॉलेजं ऑगस्टच्या शेवटी चालू होतात, तिथे नोंदणी उन्हाळ्यातच करावी लागते आणि गणिताचे वर्ग बघता बघता भरतात.

कोणता कोर्स कशाच्या बदल्यात धरला जाईल हे 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर दिसतं: डावीकडे यूसीचा किंवा कॅल स्टेटचा कोर्स, उजवीकडे कम्युनिटी कॉलेजचा. त्यातल्या नोंदीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. एपीमधून (हायस्कूलमध्येच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षांतून) मिळालेलं क्रेडिट आणि तोच कोर्स पुन्हा कॉलेजात, असं झालं तर एकदाच मोजतात. एपी कॅल्क्युलसला ५ असून आमच्या ओळखीतल्या एकाने तोच कोर्स पुन्हा घेतला, चार महिने वाया.

आता एक मोठा खड्डा, नीट वाचा. यूसीच्या हिशेबात हायस्कूल संपल्यावर ज्याने कॉलेजच्या नियमित सत्रात नाव घातलं तो 'ट्रान्सफर' विद्यार्थी होतो. लगेचचा उन्हाळा त्यातून वगळलेला आहे, ऑगस्ट-सप्टेंबरचं सत्र नाही. जानेवारीचा प्रवेश लेखी हातात असेल तर प्रश्न नाही, तुमच्या पत्रातल्या अटी लागू. पण अपील नामंजूर झालं आणि पुढच्या नोव्हेंबरला पुन्हा पहिल्या वर्षासाठी अर्ज करायचा बेत असेल, तर सप्टेंबरमध्ये 'वेळ जातो म्हणून' दोन कोर्स घेऊन बसलात की तो दरवाजा बंद होतो. मग नोकरी करा, आजीकडे जाऊन राहा, स्वयंसेवा करा, पण कॉलेजात नाव घालू नका.

उलट ट्रान्सफरची वाट मनापासून धरायची असेल तर ती वाईट अजिबात नाही. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग यूसी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसना ठरलेले कोर्स आणि ग्रेड पूर्ण केले तर प्रवेशाची लेखी हमी मिळते, तिला टॅग म्हणतात. अर्ज सप्टेंबर महिन्यात. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. मराठी घरांत कम्युनिटी कॉलेज हा शब्द अजून दबक्या आवाजात उच्चारतात. दोन वर्षांची फी वाचल्यावर आवाज चढतो.

कोर्स घेतलेच तर ते हसण्यावारी नेऊ नका. जानेवारीच्या प्रवेशाला अटी असतात: बारावीचे ग्रेड टिकवणं, आणि मधल्या सत्रातल्या कोर्सचे ग्रेड कळवणं. त्यात नापास झाल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो.

पैसे, विमा, खोली

इथे थोडक्यात. संघराज्याची मदत फाफ्सा नावाचा सरकारी फॉर्म भरून मिळते, ती नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. एच-४ वर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांना ती मिळत नाही. वर्षाची मदत दोन सत्रांत वाटलेली असते, जानेवारीत आलात की साधारण अर्धी. फाफ्सात नव्या कॉलेजचं नाव घालायला विसरू नका, १ मेच्या कॉलेजचंच राहतं. खासगी शिष्यवृत्ती मिळाली असेल तर देणाऱ्या संस्थेला लगेच कळवा, काहींना ऑगस्टमध्येच सुरुवात लागते. आरोग्यविम्यासाठी मूल २६ वर्षांपर्यंत आईबापांच्या पॉलिसीवर राहू शकतं, त्यामुळे मधल्या महिन्यांची काळजी सहसा नको. एच-४ वाल्यांनी २१व्या वाढदिवसाचं गणित वकिलाकडून करून घ्यावं. तो बहुधा पदवीआधी येतो आणि तेव्हा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागतं. एक सत्र उशिरा सुरुवात झाली की तेवढं एक सत्र जास्त त्या बाजूला पडतं.

खोलीचं म्हणाल तर जानेवारीत मिळतं ते मिळतं. आमच्या लेकाला तिघांच्या खोलीतली रिकामी झालेली खाट मिळाली. आधीचे दोघे चार महिन्यांचे दोस्त. पहिले काही दिवस कठीण गेले. आईने दिलेल्या चकलीच्या डब्याने पुष्कळ काम केलं.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी

पुणे, नागपूर, पणजीहून पदवीसाठी किंवा एमएससाठी निघालेल्यांना वसंत सत्राचा प्रवेश मिळाला, तर कॉलेजकडून जानेवारीची तारीख असलेला आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) मागवा. ऑगस्टचा आय-२० आधीच आलेला असेल तर नवा हवा. तो देताना सेव्हिसचा, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक तोच राहिला तर त्याच्या फीचे भरलेले ३५० डॉलर चालतात, तेव्हा विचारून घ्या. विद्यार्थी व्हिसा सुरुवातीच्या तारखेच्या ३६५ दिवस आधीपर्यंत देता येतो, पण आय-२० वरच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत उतरता येत नाही. 'दिवाळी झाली की लगेच जातो, मामाकडे राहतो' हे त्यामुळे जमणार नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्रही नव्या सत्राच्या नावाने करून घ्या. मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत मुलाखतीला जाताना कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. मधल्या काळात भारतातल्या कॉलेजात नाव घातलंत तर ते लपवू नका, तिथलीही गुणपत्रिका मागतात.

शेवटचं एक, जे आमचं थोडक्यात हुकणार होतं. शरद सत्राचा ट्रान्सक्रिप्ट नव्या कॅम्पसला जानेवारीआधी पोचवायचा असतो, आणि नाताळ ते नववर्ष कॉलेजांची कार्यालयं बंद असतात. ग्रेड लागायची वाट बघायची, लागले की त्याच दिवशी ऑनलाइन मागणी करायची, आणि 'ग्रेड लागल्यानंतर पाठवा' या चौकटीवर आधीच टिक करून ठेवता येत असेल तर ती करून ठेवायची. आमच्या मुलाने २३ डिसेंबरला संध्याकाळी चार वाजता फोन केला. पलीकडच्या माणसाने कोट घातलेला होता म्हणे, पण त्याने पाठवला.